सोनेरी रंगासाठी सोडलेली जागा

गादीवाल्यांनी आपल्या आयुष्यात असंख्य लग्नघरे पाहिली होती. परंतु लग्न असे एकही पाहिले नव्हते. नव्या जोडप्यासाठी भरलेली गादी खांद्यावर घेऊन ते मागच्या दाराने आत शिरत, ती पलंगावर अंथरीत, तिचे कोपरे ठाकठीक करीत आणि मागच्याच दाराने बाहेर पडत. पुढल्या दालनातून हास्याच्या लाटा येत, एखादा अत्तराचा झोत येई, कोणीतरी कोणाला तरी "अरे, फोटोला उभे राहा!" म्हणून ओरडत असे, आणि गादीवाले मिशीवरचा कापूस झटकीत आपल्या वाटेला लागत. त्या दारापलीकडे काय असेल याचे चित्र त्यांनी मनात इतक्या वेळा रंगविले होते की, प्रत्यक्ष लग्नालाही त्याची बरोबरी करणे जड गेले असते. स्वतःचे लग्न जमेस धरावे, तर तेही त्यांनी पाहिले असे म्हणवत नाही. सासऱ्यांनी ते आपल्या गाद्यांच्या कारखान्यातच, कापसाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला, काम न थांबविता उरकून घेतले होते. नवरदेवाच्या हातातली सुई तेवढी घटकाभर काढून घेण्यात आली होती.

तो कारखाना म्हणजे एक लांबच लांब, उंच छपराचे दालन होते. सासरे निवर्तले, पुढे फोमच्या गाद्या आल्या, आणि कापूस भरलेल्या गादीकडे लोक जुन्या नातेवाइकाकडे पाहावे तसे पाहू लागले; म्हणजे आदराने, परंतु लांबूनच. तेव्हा एके सकाळी चहा निवत ठेवून गादीवाले पत्नीला म्हणाले, "अगं, इथे आजवर लग्नाच्या गाद्या झाल्या. आता इथे लग्नंच होऊ देत. मंगल कार्यालय काढू या."

"चहा प्या आधी," पत्नी म्हणाली. तथापि तिच्या स्वरात नकार नव्हता.

नकार होता तो मेहुण्यांच्या स्वरात. मेहुण्यांचा टायरांचा व्यापार होता आणि वडिलांच्या त्या दालनावर त्यांचा डोळा होता. डोळा होता असे म्हणणेही अन्यायाचे होईल, कारण निम्मा हक्क त्यांचा होताच.

"दाजी, माझ्या टायरांना छप्पर नाही. उन्हात तडकताहेत बिचारे."

"टायरांची कणव येते तुला," पत्नी म्हणाली. "सख्ख्या बहिणीची येत नाही."

"येते म्हणून तर बोलतोय, ताई. ही लग्नसराई तुमची. सराई संपेपर्यंत इथे एक लग्न लागलं, तर मी टायर डोक्यावर घेऊन फिरेन, पण ही जागा मागणार नाही. नाही लागलं, तर शेवटच्या दिवशी ट्रक दारात उभा."

"एकच?" गादीवाल्यांनी विचारले.

"एकच. पण तुमचं नि ताईचं पुन्हा लावलंत, तर ते धरणार नाही."

मग त्या दालनाचा कायापालट सुरू झाला. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे पडदे झाले. जिथे गठ्ठे रचीत, तिथे व्यासपीठ उभे राहिले. एका अंगाला वधूपक्षाची खोली आणि दुसऱ्या अंगाला वरपक्षाची खोली निघाली. आरसा एकच असल्यामुळे तो कोणत्या पक्षाला द्यावा यावर पतिपत्नींत पुष्कळ वाद झाला आणि अखेरीस तो दोन खोल्यांमधल्या बोळात टांगण्यात आला. सासऱ्यांची पिंजण, म्हणजे कापूस पिंजण्याचे ते उंच धनुष्यासारखे हत्यार, काढून टाकण्याचा धीर कोणालाच झाला नाही. ती व्यासपीठामागच्या भिंतीवर तशीच राहिली.

एका गोष्टीपुढे मात्र सगळ्यांनी हात टेकले. छपराच्या तुळयांवर वर्षानुवर्षे उडालेला कापूस साचला होता. कितीही झाडा, कितीही पुसा, दार उघडले की त्याचे तंतू सुटत आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांतून सावकाश, घाई नसलेल्या पाहुण्यांप्रमाणे खाली येत. गादीवाल्यांना हे दृश्य पाहताना आपण पाण्याच्या तळाशी उभे आहोत असे वाटे. परंतु हॉल पाहायला येणाऱ्या मंडळींना तसे वाटत नसे. एक वधूपिता व्यासपीठापर्यंत आले, "जागा तर छान आ—" एवढे बोलले आणि असे शिंकत सुटले की, त्यांना हाताला धरून बाहेर न्यावे लागले. दुसऱ्या कुटुंबात तर नियोजित वर शिंकला आणि त्याची आत्या म्हणाली, "इथे नको बाई. पोराचे डोळे बघ कसे झाले, लोकांना वाटेल रडतोय."

पाटीचे प्रकरण याच सुमारास घडले. पाटी रंगविण्यासाठी बोलावलेला पेंटर हा आपल्या अक्षरांवर पोटच्या मुलांसारखे प्रेम करणारा गृहस्थ होता. त्याने उजव्या बाजूला गडद निळ्या रंगात 'कार्यालय' हा शब्द काढला. असा देखणा, की त्यातल्या 'र्य'कडे पाहून थांबावे. डावीकडची जागा मोकळी सोडून तो शिडीवरून उतरला.

"'मंगल' सोनेरीत," पेंटर म्हणाला. "माझा सोनेरी संपलाय आणि बाजारातला मला पटत नाही. आणतो."

"कधी?"

"आणला की."

आणि शिडी घेऊन तो जो गेला, तो गेलाच.

आता कोणीही म्हणेल की, पाटी अपुरी आहे हे गादीवाल्यांना ठाऊकच होते. ठाऊक होते खरे. परंतु दिसत नव्हते. समोरच्या पदपथावर हात मागे बांधून ते उभे राहत, तेव्हा त्या मोकळ्या जागेत त्यांना सोनेरी अक्षरे स्पष्ट झळकताना दिसत. इतकी की एकदा तर ऊन पडले म्हणून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. बाकीच्या जगाला मात्र जेवढे लिहिले होते तेवढेच वाचता येत होते.

पहिल्यांदा आल्या त्या एक स्थूल, घामाघूम झालेल्या बाई. त्यांनी दालनावर नजर टाकली, रांगेने मांडलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि पहिल्या खुर्चीत बसकण मारली.

"साहेब कुठे आहेत?"

"कोण साहेब?" गादीवाले म्हणाले.

"कुठलेही चालतील. माझ्या नळाला पाणी येत नाही."

गादीवाल्यांनी पेलाभर गार पाणी आणून दिले. बाईंनी ते एका दमात पिऊन टाकले आणि डोळे विस्फारून म्हणाल्या, "एवढ्या लवकर काम होतं इथे?"

त्यांच्यामागून एक कृश आजोबा आले. ते गादीवाल्यांच्या समोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी जिवंत आहे."

"अभिनंदन," गादीवाले मनापासून म्हणाले.

"तसं नाही हो. मी जिवंत आहे असं कोणीतरी साहेबांनी लिहून द्यायचं असतं. हयातीचा दाखला. त्या दुसऱ्या कार्यालयात म्हणतात, साहेब रजेवर आहेत, तोवर थांबा. या वयात मला थांबा म्हणतात!"

हे सारे वधूपक्षाच्या खोलीतून ऐकणारी पत्नी हात पुसत बाहेर आली, तडक रस्त्यावर गेली, पाटी वाचली आणि पतीला हाताला धरून पदपथावर घेऊन आली.

"अहो, काय लिहिलंय वर?"

"मंगल कार्यालय."

"नीट वाचा."

"मंगल कार्यालय. का गं?"

"लहान मुलं वाचतात तसं. बोट फिरवत वाचा."

गादीवाल्यांनी दुरूनच हवेत बोट धरले. ते डावीकडच्या कडेवर आले, "मं—" म्हणाले, आणि त्यांचे बोट त्या पांढऱ्या रित्या जागेवरून घसरत घसरत निळ्या 'का'वर जाऊन थडकले. त्यांचा चेहरा पडला. एवढी सोनेरी अक्षरे एकाएकी कुठे गेली, हे त्यांना खरोखरच उमजेना.

"दुसरा पेंटर बघा," पत्नी म्हणाली. "नाहीतर खडूने तरी खरडा."

"सोनेरीच्या जागी खडू?" गादीवाले अशा स्वरात म्हणाले की, पत्नी खडूचा विचार सोडून आत वळली.

वास्तविक त्या आलेल्या मंडळींना सत्य सांगण्यात गादीवाल्यांनी कसूर केली नाही. हे ते कार्यालय नव्हे, असे ते प्रत्येकाला हात जोडून सांगत. परंतु मंडळी म्हणत, "आता आलोच आहोत, तर बसतो जरा." दालन थंडगार होते. खुर्च्यांच्या बैठकींत गादीवाल्यांनी स्वहस्ते कापूस भरला होता. शिंका येत, पण त्या उठून जाण्याच्या बेतात नसलेल्या माणसाच्या, समाधानी शिंका असत. नळवाल्या काकू विणकाम घेऊन येऊ लागल्या. आजोबा वर्तमानपत्र आणून मोठ्याने वाचीत. नवे नवे अर्जदार वाट चुकून येत आणि जुने त्यांना जागा करून देत.

"काम होतं का इथे?" एखादा नवखा विचारी.

"काम होत नाही," आजोबा सांगत. "पण 'उद्या या' असंही कोणी म्हणत नाही. बसा."

मेहुणे अधूनमधून डोकावत. "वा, दाजी! हॉल तर भरला. नवरा आणि नवरी तेवढी कमी आहेत." मग तुळयांकडे पाहून, मोजमाप घेत असल्यासारखे डोळे बारीक करीत, "तिथपर्यंत रचता येतील," असे स्वतःशीच पुटपुटत निघून जात. भरलेल्या खुर्च्यांकडे पाहत गादीवाले व्यासपीठाच्या पायरीवर बसत आणि त्यांना वाटे, हे सगळे वऱ्हाडीच आहेत. लग्न कुठेतरी रस्ता चुकले आहे, एवढेच.

सराई अगदी सरत आली, तेव्हा एके दुपारी दारात दोन माणसे उभी राहिली. पुरुष पन्नाशीकडे झुकलेला होता. त्याच्या एका डोळ्याभोवती भिंग लावून लावून गोल वण पडला होता, त्यावरून तो घड्याळे दुरुस्त करणारा असावा हे कळे. स्त्री त्याच्याहून थोडी लहान. अंगावर पांढरा गणवेश, पायांत कामावरचे सपाट बूट. ती इस्पितळातून परस्पर आली होती.

"नोंदणी इथेच होते ना?" घड्याळवाल्यांनी विचारले. "विवाहाची?"

दालनातल्या सगळ्या माना वळल्या. गादीवाल्यांच्या घशाशी 'हो' येऊन थांबला. हो म्हणावे, दोघांना व्यासपीठावर उभे करावे, मेहुण्यांना बोलावून दाखवावे, की सुटलो. कोणाचे काय जाणार होते? त्यांनी त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. पुष्कळ ठिकाणांहून परतवले गेलेले चेहरे होते ते.

"नाही हो," गादीवाले हळूच म्हणाले. "इथे नोंदणी होत नाही. इथे फक्त लग्न होतं."

"आम्हाला लग्न नकोय," घड्याळवाले म्हणाले. "नुसती नोंदणी हवी."

कोणीतरी फिस्सकन हसले. नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लग्नाला माणसं लागतात हो. यांना कोणी नाही, मला कोणी नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही दोघांनीच उभं राहायचं? आपणच बोलायचं आणि आपल्याच आवाजाला आपणच उत्तर द्यायचं?"

त्या बोलत असताना वरून कापसाचा एक तंतू तरंगत आला आणि त्यांच्या मनगटावर उतरला. गादीवाल्यांनी श्वास रोखला. आता शिंक येणार! परंतु नर्सबाईंनी तो कापूस दोन बोटांत धरला, सवयीने त्याचा छोटासा बोळा वळला आणि उजेडात धरून पाहिला.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "लांब धाग्याचा. आमच्याकडे असा मिळत नाही आता."

इतक्या दिवसांत त्या दालनातल्या कापसाला कोणी चांगले म्हटले नव्हते. गादीवाल्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते कापसावर ढकलले.

तेवढ्यात नळवाल्या काकूंनी विणकाम बाजूला ठेवले. "माणसं नाहीत म्हणजे? आम्ही काय खुर्च्या आहोत?"

"तुम्ही... तुम्ही तर कामासाठी आलात ना?" घड्याळवाले गोंधळून म्हणाले.

"आमचं काम कधी होणार नाही. तोवर तुमचं तरी उरकू. मी वरपक्ष." काकू खुर्ची ओढीत उजव्या बाजूला सरकल्या. "रुसवेफुगवे मी सांभाळते, मला सवय आहे."

"मी वधूपक्ष," आजोबा म्हणाले. "या वयात नर्सच्या पक्षात असलेलं बरं."

आणि मग सगळ्या दालनात खुर्च्या सरकण्याचा असा आवाज उठला, जसा मोठ्या लग्नात माणसे जागा धरताना उठतो. गादीवाल्यांनी तो आवाज ओळखला. आजवर त्यांनी तो फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता.

घड्याळवाल्यांनी नर्सबाईंकडे पाहिले. "करायचं?"

"तुमचं घड्याळ काय म्हणतंय?"

"ते बंद आहे. दुसऱ्यांची करता करता राहून गेलं."

"मग करू या," नर्सबाई म्हणाल्या.

सराईचा शेवटचा दिवस मोकळा होता. किंबहुना सगळेच दिवस मोकळे होते. म्हणून तोच ठरला. मेहुण्यांना आधी सांगावे असे पत्नीचे मत होते. परंतु गादीवाल्यांना भीती वाटे, की हे स्वप्न मोठ्याने बोलले तर आपल्याला जाग येईल.

त्या सकाळी बोळातल्या आरशासमोर वधू आणि वर दोघांची गाठ पडली आणि दोघेही लाजून मागे सरले. मग आलटून पालटून डोकावू लागले. दालन भरत होते. काकूंनी गल्लीतल्या शेजारणी आणल्या. आजोबांनी त्या दुसऱ्या कार्यालयातल्या रांगेत जाऊन, "इकडे चला, इकडे लवकर काम आहे," असे सांगून निम्मी रांगच वळवून आणली. खुर्च्या संपल्या. माणसे भिंतींना टेकून उभी राहिली. आणि नेमक्या त्याच वेळी दारात ट्रक येऊन थांबला. टायर गच्च भरले होते.

मेहुणे आत आले आणि दारातच खिळले. "ताई, हे खरं आहे, की भाड्याने आणलंयस?"

"नवऱ्या मुलालाच विचार."

मेहुणे तरातरा व्यासपीठावर गेले. "तुम्ही खरोखर लग्न करताय?"

"करत होतो," घड्याळवाले नम्रपणे म्हणाले. "तुम्ही मध्ये आलात."

हास्याची एक लाट उसळली. मेहुणे खाली उतरले. उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे त्यांनी पाहिले, भिंतीवरच्या वडिलांच्या पिंजणीकडे पाहिले, आणि मग बाहेर तोंड करून ओरडले, "उतरवा रे सगळे!"

"भाऊ!" पत्नी कळवळली.

"अगं, लोक उभे आहेत ताई! बसायला नको?" मेहुणे म्हणाले. "गाद्या आहेत का काही उरलेल्या?"

न खपलेल्या गाद्या माळ्यावर होत्याच. टायरांवर टायर रचले गेले, त्यांवर गाद्या पडल्या, आणि उभी असलेली सारी मंडळी त्या आसनांवर अशी ऐसपैस बसली की, खुर्चीतल्या लोकांना हेवा वाटला. एक आजीबाई तर बसल्या जागी हलक्या हलक्या उसळत राहिल्या आणि कोणी उठविले तरी उठेनात.

सगळे बसले. सगळे शांत झाले. पत्नीने आजूबाजूला पाहिले, तर पती कुठे दिसेनात. तिला काय वाटले कोण जाणे; ती मागच्या दाराकडे गेली. गादीवाले तिथे उभे होते. खांद्यावर एक नवी भरलेली गादी होती, नवऱ्या मुलीच्या घरी पोचवायची, आणि पाय उंबऱ्याबाहेर निघाला होता.

"अहो, कुठे निघालात?"

"ही ठेवून येतो," गादीवाले म्हणाले. "आता पुढे सुरू होईल ना."

"तेच पाहायला तर एवढं सगळं केलंत!" पत्नीने त्यांच्या खांद्यावरची गादी स्वतः उतरवून घेतली. "चला. पुढे चला."

मागच्या दारापासून दालनापर्यंतचे ते अंतर गादीवाल्यांना फार लांब वाटले आणि पायांखाली जमीन नसून सारा कापूसच आहे असे वाटले. पडदा बाजूला झाला. माणसांची दाटी, उन्हाच्या पट्ट्या, पांढऱ्या बुटांतली वधू, वण पडलेल्या डोळ्याचा वर. ते चित्र त्यांनी मनात रंगविलेल्या चित्रासारखे मुळीच नव्हते. त्यात कोणी शिंकत होते, कोणी टायरावरून घसरत होते. तरीही ते तेच होते.

वराने वधूला विचारले. वधू "हो" म्हणाली. वधूने वराला विचारले. वर "हो, हो" म्हणाला, दोनदा. बाकी वाद्य काही नव्हते, म्हणून मेहुणे पुढे झाले आणि त्यांनी वडिलांच्या पिंजणीची तार छेडली. तो खोल, घुमणारा झंकार छपरापर्यंत गेला, तुळया थरारल्या, आणि इतकी वर्षे वर विसावलेला कापूस सगळाच्या सगळा सुटला. तो मुलाबाळांवर, म्हाताऱ्यांवर, वधूवरांवर इतक्या संथपणे उतरत राहिला, की लोकांनी बोलणे थांबविले आणि नुसते वर पाहत राहिले. त्यानंतर मात्र सारे दालन एकदम शिंकले.

"दाजी," मेहुणे डोळे चोळीत म्हणाले, "हे टायर इथेच राहू देत. बैठकीला. छप्पर मी दुसरीकडे बघतो."

नोंदणी पुढे त्या दुसऱ्या कार्यालयात झाली. तिथे आजोबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि विचारले, "साक्षीदार हयात असावा लागतो का?" साहेब म्हणाले, "अर्थातच." "मग तेवढं लिहून द्या," असे म्हणून आजोबांनी आपला दाखला तिथेच मिळविला.

परंतु ते नंतर. त्या दिवशी मंडळी दारातून बाहेर पडू लागली तेव्हा बाहेर शिडी लागलेली होती. पेंटर सोनेरी रंग घेऊन आला होता आणि 'मंगल' हा शब्द नुकताच पुरा करून, मान कलती करून 'ग'कडे पाहत होता. दार उघडताच आतला कापूस माणसांबरोबर बाहेर लोटला, वर उडाला आणि ओल्या अक्षरांवर जाऊन बसला.

"अरे, माझं सोनं!" पेंटर शिडीवरून किंचाळला.

सोने आता मऊ, पांढरट झाले होते. वाऱ्याने अक्षरांवरची लव हलत होती. गादीवाले पदपथावर गेले. पत्नीने त्यांचे बोट धरून वर उचलले आणि त्यांनी पाटी वाचली, एकेका अक्षरावर थांबत. बोट कुठेही घसरले नाही.

शेजारी नळवाल्या काकू उभ्या होत्या. हातात विणकामाची पिशवी होती. त्यांनीही पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता हे लग्नाचंच झालं," त्या म्हणाल्या. "आमचं काय मग? आम्ही यायचं नाही ना?"

आजोबा, रांगेतली माणसे, सगळी थांबली.

गादीवाल्यांनी मिशीवरचा कापूस झटकला.

"उद्या या," ते म्हणाले.

आणि हे शब्द ऐकून त्या मंडळींना जन्मात पहिल्यांदाच राग आला नाही.